खालचा कोपरा पेंटरचा

रंगाचा डबा उघडण्याआधी पेंटर भिंतीवरून तळहात फिरवायचे. डोळे भलतीकडेच, रस्त्यावरच्या बकरीकडे नाहीतर माझ्या घड्याळाकडे, आणि हात मात्र भिंतीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे. कुठे गिलावा आतून सुटलेला असला की हात तिथे थांबायचा. दोन बोटांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, "इथं नाय चालणार मॅडम. इथं हवा धरली." मला ती भिंत चांगली सपाट दिसत असायची. मी तसं म्हटलं की उत्तर ठरलेलं. "भिंत हातानं बघायची असती. नजर धोका देती."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईल. आम्ही सगळे त्यांना पेंटरच म्हणायचो.

मी आरोग्य सहायिका. राहते संभाजीनगरात आणि नोकरी कन्नड तालुक्यात, पिशोरच्या बाजूला. आमच्या आरोग्य केंद्राखाली बावीस गावं. त्या गावांमध्ये शासनाचे संदेश भिंतींवर रंगवून घ्यायचं काम कुणाच्याच वाट्याचं नव्हतं, म्हणून माझ्या वाट्याला आलं. तुमच्यापैकी कुणी सरकारी नोकरीत असेल तर त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पेंटर गुलमंडीमागच्या एका गल्लीत राहायचे. सकाळी ते आणि त्यांची शिडी आमच्या जीपची वाट बघत कोपऱ्यावर उभे असायचे. शिडी टपावर, पेंटर ड्रायव्हरशेजारी, मी मागे. पिशोर येईपर्यंत ते वाटेतल्या प्रत्येक पाटीला नावं ठेवायचे.

एके काळी गुलमंडीतल्या निम्म्या कापड दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या हॉटेलांच्या पाट्या मराठी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्ही लिप्यांत त्यांनी रंगवल्या होत्या. मग फ्लेक्स आला आणि हातानं लिहिणाऱ्याला उरल्या फक्त सरकारी भिंती, कारण फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो आणि भिंत फाटत नाही. मधे शहराचं नाव बदललं तेव्हा बऱ्याच पाट्या नव्यानं लिहायच्या होत्या, तेव्हा मी त्यांना छेडलं, "आता काय पेंटर, चांदी आहे तुमची." म्हणाले, "आधीचं बी मीच लिवलेलं, आताचं बी मीच लिवतो. आपलं काय, अक्षर बसलं म्हंजे झालं."

त्यांना राग म्हणून यायचाच नाही. एका गावात आम्ही 'हात स्वच्छ धुवा' लिहून आलो. आठवड्यानं पाहिलं तर त्याच भिंतीवर कुणीतरी गोवऱ्या थापलेल्या. मी तणतणत सरपंचाच्या घराकडे निघाले. पेंटर लांब उभे राहून एक डोळा मिटून भिंत बघत होते. "मॅडम, एक गोवरी लाइन सोडून नाय," ते म्हणाले. "बाईचा हात चांगलाय." माझ्या तणतणीतली हवाच गेली.

मग एका वर्षी स्तनाच्या कर्करोगाचा मजकूर आला. वरून मंजूर होऊन, शिक्क्यासकट. 'महिलांनो, स्तनात गाठ जाणवली तर दुर्लक्ष करू नका. दर महिन्याला स्वतःची तपासणी करा. लवकर निदान, लवकर उपचार.' बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र. बावीस गावांत बावीस भिंती. ती बाई प्रत्येक गावात थोडी थोडी त्यांच्या बायकोसारखी दिसायला लागली. मी तसं म्हटल्यावर पेंटर लाजले, पण पुढच्या गावातही त्यांनी नाक तेच काढलं.

मजकुरातल्या एका शब्दापाशी मात्र त्यांची पंचाईत व्हायची. सगळं लिहून होई आणि 'महिलांनो' च्या पुढे एका शब्दाची जागा कोरी. मागे बाया उभ्या असल्या की तो शब्द त्यांच्या हातून उतरत नसे. एकदा पारावरच्या म्हाताऱ्यानं मोठ्यानं वाचून विचारलं, "कशात गाठ, ओ पेंटर?" पेंटर म्हणाले, "बाबा, दुपारून या." बाया शेतात गेल्या की ते झपाझप शिडीवर चढायचे, तो शब्द लिहायचे आणि लगेच खाली उतरून चहाला जायचे.

शिडीवर उभं राहायची त्यांची एक पद्धत होती. उजव्या हातात ब्रश, डाव्या हातात डबा, म्हणजे शिडी धरायला हातच उरत नाही. मग छातीची डावी बाजू शिडीच्या आडव्या दांड्याला टेकवायची आणि सगळा भार तिथे द्यायचा. शहरातले सगळे जुने पेंटर असेच उभे राहतात. वर्षानुवर्षं दांडा घासून त्या जागी घट्टा पडतो, शिंप्याच्या बोटाला पडतो तसा. पेंटर लोकांत त्याचं कौतुकच असतं. घट्टा नाही तो पेंटर कच्चा.

त्या बावीस भिंतींचं काम चालू असताना शिडीच्या दांड्याला गोणपाट गुंडाळलेलं मला दिसलं. विचारलं तर म्हणाले, "शिडी टोचायला लागली."

"वय झालं आता," मी म्हटलं.

"व्हय. शिडीचं."

मी हसले आणि पुढच्या भिंतीचं माप सांगायला लागले. दर मंगळवारी आमच्या केंद्रात मी बायकांना गाठ कशी चाचपायची ते शिकवते. त्या दिवशी माझ्यासमोर एक माणूस छातीला टोचतं म्हणून शिडीला गोणपाट बांधून उभा होता, आणि मी माप सांगत होते. हे लिहिताना अजूनही माझा मलाच राग येतो.

पुढे दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी त्यांची बायको माझ्या घरी आली. मी त्यांना भाभी म्हणते. दर ईदेला त्यांच्या हातचा शीरखुर्मा खाल्लेला. त्या दिवशी त्यांनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून पेंटरांचा बनियन.

"मॅडम, इनके कपडों पे दाग तो रोज के हैं," भाभी म्हणाल्या. "लाल, पीला, हरा, सब. पर रंग टर्पेंटाइन बगैर निकलता नै. ये लाल दाग पानी में डालते ही निकल गया. तीन बार धोई, तीनों बार निकल गया. चौथी बार धोई नै, तुमारे पास ले के आई."

डाग रुपयाएवढा होता. मी विचारलं, "नेमका कुठे येतो?" त्यांनी स्वतःच्या छातीवर डाव्या बाजूला बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं लगेच काढून घेतलं. डॉक्टरला जे तपासायचं होतं ते त्या बाईनं धुण्याच्या बादलीत तपासलं होतं. मी पायात चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबरच निघाले.

पेंटर ओट्यावर ब्रश धूत बसले होते. मला आडून बोलता येत नाही, सरळ विचारलं. ते आधी भाभीवर चिडले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं बघत होते. मग म्हणाले, "घट्टा हाय मॅडम. हमारे सब पेंटर लोगां को होता."

"घट्ट्यातून रक्त येतं?"

त्यांनी ब्रश पुन्हा धुवायला घेतला, तो आधीच स्वच्छ होता.

"पेंटर, बावीस भिंतींवर तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत. वाचलं नाही का?"

"वाचलं की. पाठ हाय. पण वर 'महिलांनो' लिवलं होतं." त्यांनी मान वर केली. "दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपण कशाला उघडायचं?"

पुरुषाच्या छातीतही स्तनाचं मांस असतं, थोडंसं का होईना, आणि त्यातही कर्करोग होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो. छातीच्या बोंडाखाली न दुखणारी गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून पाणी किंवा रक्त. हे मला प्रशिक्षणात एका ओळीत सांगितलेलं होतं. ती ओळ मी वहीत लिहून घेतली होती आणि पुढे कधीच कुणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. रांगेत सगळ्या बायका. पेंटर भिंतीला टेकून उभे, जणू कुणाला तरी सोडायला आलेत. नर्सनं विचारलं, "काका, पेशंट कुठंय?" ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हेच पेशंट." मग बाकावरची एक बाई सरकली. औषधांनी केस गेलेले असावेत, डोकं रुमालानं घट्ट बांधलेलं. म्हणाली, "बसा भाऊ, लई टाइम लागतो हितं." पेंटर बसले. तासाभरानं पाहिलं तर ती त्यांना कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते समजावून सांगत होती आणि ते मन लावून ऐकत होते.

गाठ कर्करोगाचीच निघाली आणि काखेपर्यंत पोचलेली होती. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. मग सलाइनमधून औषधं, मग किरणांचा शेक. केस गेले, भुवयासुद्धा गेल्या. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं. पेंटर माझ्याकडे बघून म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या भिंती चाचपल्या मॅडम, घरची राहिली." ते हसले. मला हसता आलं नाही.

मोहल्ल्यात सांगितलं गेलं की छातीचं ऑपरेशन झालं. छातीचं म्हणजे हार्टचं, हे लोकांनी आपापलं ठरवलं आणि घरच्यांनी खोडून काढलं नाही. हार्टच्या पेशंटला आपल्याकडे मान असतो. माणसं भेटायला यायची, "किती ब्लॉकेज होते?" विचारायची. "एकच होता," पेंटर सांगायचे. लग्नाकार्यात त्यांना पंख्याखाली बसवलं जायचं आणि पुढ्यातली भजी उचलून नेली जायची. त्यांना भज्यांचं फार वाईट वाटायचं. मी एकदा म्हटलं, खरं सांगून टाका. ते म्हणाले, "बायकांचा आजार म्हणून हसतील मॅडम. हार्ट बरा हाय." मी आग्रह केला नाही.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल आहे. कामाची वाट बघत सकाळी सगळे पेंटर तिथे बसतात. औषधं संपल्यावर पेंटर पुन्हा तिथे जायला लागले, नुसते गप्पा मारायला. एक दिवस त्यांच्याच बरोबरीचा एक पेंटर छाती चोळत म्हणाला, "उस्ताद, वो तुम बोले थे ना, शिडी का घट्टा? मेरेकू भी आया."

पुढचं मला पेंटरांनीच सांगितलं. "मॅडम, माझा चहा तिथंच राह्यला. दोन वर्षांमागं माझी छाती बघून त्यानं इचारलं होतं, हे काय. अन् मीच त्याला सांगितलं होतं, शिडीचा घट्टा, काही नसतं, खोबरेल लावायचं."

त्यांनी तिथेच, भर हॉटेलात, शर्टाच्या गुंड्या सोडल्या. बनियन वर केला. डाव्या बाजूला सपाट कातडी आणि काखेपर्यंत गेलेला टाक्यांचा व्रण. "हार्ट नव्हतं," ते म्हणाले. "हे होतं. औरतों को होता वो. ऊठ, चल." आणि त्याच पावली त्याला घेऊन दवाखान्यात गेले. हॉटेलात कुणी हसलं का, असं मी विचारलं. "दोघं हसले. हसू देत. हसून घरी गेल्यावर छाती चाचपलीच असंल की त्यांनी."

त्या पेंटरची गाठ साधी चरबीची निघाली. हे सांगायला आमच्या पेंटरांनी मला केंद्रात फोन केला. आवाज इतका आनंदी की मला वाटलं त्यांचाच काही चांगला रिपोर्ट आला. मग लगेच म्हणाले, "मॅडम, तो मजकूर बदला."

मी कार्यालयाला पत्र लिहिलं, एक ओळ वाढवू द्या म्हणून. उत्तर आलं की मजकूर मंजूर आहे, स्थानिक पातळीवर त्यात बदल करता येणार नाही. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. प्रत्येक गावानं आपापली ओळ घातली तर भिंतीवर काय काय दिसेल, हे मी गावं फिरून ओळखून आहे. पेंटरांनी पत्र दोनदा वाचलं. "ठीक हाय," ते म्हणाले. "मजकूर त्यांचा. खालचा कोपरा पेंटरचा."

रंगवलेली भिंत तुम्ही कधी नीट पाहिली असेल तर खाली उजवीकडे बारीक अक्षरात पेंटरचं नाव आणि मोबाइल नंबर दिसला असेल. ती वीतभर जागा त्याची. सरपंच असो की साहेब, तिथे कुणी बोट लावत नाही. पुढचं काम त्या नंबरावरूनच येतं, म्हणून कुणी पेंटर ती जागा सोडत नाही.

रविवारी मी माझी गाडी काढायची आणि आम्ही जायचो. शिडी लागत नव्हती. ऑपरेशननंतर त्यांचा डावा हात सुजलेला असायचा, डबा धरवत नव्हता, पण कोपरा खालीच असतो. उलट्या डब्यावर बसायचे, स्वतःचं नाव आणि नंबर पांढऱ्यानं पुसायचे आणि तिथे लिहायचे: 'पुरुषांनाही होतो. मला झाला. छातीत गाठ असेल तर दाखवा. — पेंटर.' पहिल्या भिंतीपाशी मी म्हटलं, "नाव तरी राहू द्या."

"वीतभर जागा हाय मॅडम. नाव लिवलं तर हे बसत नाय."

म्हणून मीही इथे त्यांचं नाव लिहिलेलं नाही. एकदा म्हटलं, साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू? "सांगा, पेंटरनं सही केली," ते म्हणाले. साहेबांनी विचारलं नाही. कोपरा कोण वाचतो, असं मला तेव्हा वाटायचं. पण पेंटर लिहीत असले की मागे पुरुष जमायचे, आणि ते मान न वळवता बोलत राहायचे. दुखत नाही, हीच त्याची बदमाशी, असं काही काही. पूर्वी एक शब्द लिहायला बाया जायची वाट बघणारा माणूस तो हाच का, असं मला वाटायचं.

एकोणीस भिंती झाल्या. मग त्यांची पाठ दुखायला लागली. गाडीत बसून दुखली असेल म्हणत आम्ही दोघांनी पंधरा दिवस काढले. इतकं सगळं होऊनही. आजार हाडात उतरला होता. त्यानंतर ते घराबाहेर फार पडले नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर गेले.

तीन गावांच्या भिंती राहिल्या. महिन्याभरानं मी भाभीकडे गेले आणि म्हटलं, त्यांच्या त्या पेंटर दोस्ताकडून तेवढे तीन कोपरे लिहून घेते. भाभी म्हणाल्या, "उन्नीस गावां में उनो नाम मिटा दिए. तीन में तो रहने दो, मॅडम."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मनातून मला ते पटलं नव्हतं. त्या तीन गावांतून जीप जायची तेव्हा मी कोपऱ्याकडे बघायची. नाव, दहा आकडी नंबर, आणि वर 'महिलांनो'. त्या गावातल्या कुणा पुरुषाला गाठ असेल तर तो आजही ते पत्र दुसऱ्याचं समजून पुढे जात असेल, हे डोक्यातून जात नसे.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, बायकांची तपासणी आटोपत आली असताना, दाराशी एक गृहस्थ उभे दिसले. साठीचे, डोक्याला टोपी. बाया जाईपर्यंत ते बाहेरच थांबले. मी आत बोलावलं आणि गाव विचारलं. त्या तीन गावांपैकीच एक. मी विचारलं, "काय काम काढलंत?"

"काम असं काय नाय," ते म्हणाले. "दुकानाची भिंत रंगवायची होती. आमच्या गावात भिंतीवर पेंटरचा नंबर हाय, तो लावला. बाईनं उचलला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, पेंटर गेले. मी म्हणलं बरं, अन् ठेवायला लागलो. तर म्हणल्या, ठेवू नका, कशानं गेले ते ऐकून घ्या. कोणाचा बी फोन आला तरी सांगती म्हणल्या." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मग मी ऐकलं."

मी दार लोटून घेतलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शर्टाची वरची गुंडी सोडायला लागले.